पहिली दुर्बीण कशी निवडावी: नाशिकच्या गच्चीपासून अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५२५ पट’ असं छापलेलं दिसलं, तर ती दुर्बीण घेऊ नका. हा आकडा कुठून येतो ते आधी पाहू, कारण निवडीचं निम्मं गणित त्यातच आहे. अशा ६० मिमी भिंगाच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर (भिंगापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) ७०० मिमी असतं. सोबत ४ मिमीचा आयपीस, म्हणजे डोळ्याशी यायचं छोटं भिंग, दिलेला असतो. ७०० भागिले ४ म्हणजे १७५ पट. त्यावर तिप्पट करणारं प्लास्टिकचं बार्लो भिंग लावलं की झाले ५२५. हिशेब बरोबर आहे, पण डोळा लावला की काळपट, थरथरणारा डाग दिसतो. ६० मिमीच्या भिंगाने जेवढा प्रकाश गोळा केला, तेवढाच ५२५ पट मोठ्या चित्रावर पसरतो आणि बारकावा सगळा पुसून जातो.

दुर्बीण किती पट मोठं दाखवू शकेल याची वरची मर्यादा तिच्या व्यासावरून ठरते. व्यास जितके मिमी, त्याच्या साधारण दुप्पट. म्हणजे ७० मिमीला १४० पट आणि १३० मिमीला २६० पट. तेही हवा स्थिर असेल तर. शहरातल्या गच्चीवरून बहुतेक रात्री १५० पटीच्या आसपासच चित्र उकळत्या पाण्यासारखं हलू लागतं. शनीची कडी २५-३० पटीला ओळखू येते, गुरूचे चार मोठे चंद्र त्याहूनही कमी पटीला दिसतात. पटीसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

पैसे मोजायचे ते व्यासासाठी. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिमी उघडते. ७० मिमीचं भिंग तिच्या १०० पट प्रकाश गोळा करतं, १३० मिमीचा आरसा जवळपास ३४५ पट. त्यामुळे ७० वरून १३० वर गेलात की साडेतीन पट प्रकाश हाती येतो. शौरी तारकासमूहातला एम १३ (मेसिएच्या यादीतला तेरावा) हा तारकागुच्छ ७० मिमीत धुरकट कापसासारखा दिसतो. १३० मिमीत, अंधाऱ्या जागेवरून, त्याच्या कडेचे तारे सुटे सुटे होऊ लागतात.

मग सर्वांत मोठा व्यास घ्यावा का? तसंही नाही. दुकानात जाण्याआधी घरी तीन गोष्टींचा विचार करा.

कुठून बघणार, कोण उचलणार, कशावर ठेवणार

सिडको, पंचवटी किंवा नाशिकरोडच्या गच्चीवरूनच बघणार असाल, तर तुमच्या वाट्याला चंद्र, ग्रह, जोडतारे आणि ठळक तारकागुच्छ येतात. तेही पुष्कळ आहे आणि त्यासाठी ७० ते ९० मिमीची भिंगाची दुर्बीण उत्तम चालते. दीर्घिका आणि फिके तेजोमेघ हवे असतील, तर व्यासाआधी अंधार लागतो. शहरातल्या १५० मिमीपेक्षा हरसूलच्या बाजूला नेलेली १३० मिमी जास्त दाखवते.

दुसरा प्रश्न वजनाचा. लिफ्ट गच्चीपर्यंत जाते का? १५० मिमी व्यासाची, १२०० मिमी नाभीय अंतराची डॉब्सोनियन (खोक्यावर फिरणारी आरशाची दुर्बीण) दोन भागांत मिळून १५ किलोच्या घरात जाते आणि तिची नळी जवळपास सव्वा मीटर लांब असते. ती गाडीच्या मागच्या सीटवर आडवी बसते, स्कूटरवर नाही. टेबलावर ठेवायची १३० मिमीची छोटी डॉब्सोनियन ६-७ किलोची असते, पाठीवरच्या मोठ्या बॅगेत घालून त्र्यंबक रस्त्याने नेता येते. चार मजले चढवताना दम लागतो म्हणून जी दुर्बीण महिन्यातून एकदाच बाहेर निघते, ती कितीही मोठी असली तरी छोटीच ठरते.

तिसरा प्रश्न स्टँडचा. सगळ्यांत जास्त निराशा इथेच होते, म्हणून त्याबद्दल पुढे सविस्तर.

बजेटप्रमाणे काय घ्यावं

पाच ते आठ हजार हाताशी असतील, तर दुर्बीण घेऊच नका, १० × ५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या. यातला पहिला आकडा पटीचा, दुसरा भिंगाच्या व्यासाचा. कृत्तिका, पुष्यातला तारकागुच्छ, देवयानी दीर्घिका, मृगातला तेजोमेघ, वृश्चिकेच्या नांगीजवळचे एम ६ आणि एम ७ हे सगळं द्विनेत्रीत सुरेख दिसतं. शिवाय पुढे मोठी दुर्बीण घेतली तरी द्विनेत्री कपाटात पडून राहत नाही. ‘१० ते १०० पट झूम’ लिहिलेली मात्र टाळा.

आठ ते बारा हजारांत ७०/७०० ची भिंगाची दुर्बीण बघा. ७० मिमी व्यास, ७०० मिमी नाभीय अंतर. २५ मिमीच्या आयपीसने २८ पट, १० मिमीच्या आयपीसने ७० पट. नळी लांब असल्यामुळे तेजस्वी वस्तूंभोवतीची जांभळी किनार फारशी त्रास देत नाही. ७०/४०० ची आखूड नळी प्रवासाला सोयीची असते, तारकागुच्छांना छान, पण ग्रहांवर ७०-८० पटीच्या पुढे ती किनार आणि मऊपणा जाणवतो. घरात लहान मुलं असतील आणि देखभालीची कटकट नको असेल, तर ७०/७०० हीच आमची पहिली शिफारस.

पंधरा ते वीस हजारांत ११४/९०० ची आरशाची दुर्बीण मिळू शकते. इथे एक सापळा आहे. ११४/१००० आणि १२७/१००० अशा आकड्यांच्या काही दुर्बिणींची नळी जेमतेम अर्धा मीटर असते. एक मीटरचं नाभीय अंतर अर्ध्या मीटरच्या नळीत बसवायला फोकसरच्या (आयपीस पुढे-मागे सरकवणाऱ्या भागाच्या) आत एक जादा भिंग घातलेलं असतं. याला बर्ड-जोन्स रचना म्हणतात. स्वस्त नमुन्यात ते भिंग साधारण दर्जाचं असतं, आणि आरसे जुळवताना तेच आड येतं. ओळखायची खूण सोपी: आरशाच्या साध्या दुर्बिणीची नळी तिच्या नाभीय अंतराएवढीच लांब असते. नळी त्याच्या निम्मीच असेल तर सोडून द्या.

वीस ते तीस हजारांत १३०/६५० घ्या, शक्यतो टेबलावरची डॉब्सोनियन. इथे आरसा ‘पॅराबोलिक’ (कडेकडे सपाट होत जाणाऱ्या वक्राचा) आहे का, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. नाभीय अंतराला व्यासाने भागून ८ च्या आसपास किंवा त्याहून मोठा आकडा येत असेल, तर साधा गोलीय आरसाही चालतो. ११४/९०० मध्ये म्हणूनच भागतं. ६५० भागिले १३० म्हणजे ५. तिथे गोलीय आरसा तारे टोकदार करूच शकत नाही. स्वस्तातल्या ११४/५०० ला हाच आजार असतो.

तिसाच्या पुढे जाता येत असेल आणि चारचाकी असेल, तर १५०/१२०० डॉब्सोनियन. या रचनेला नाव मिळालं जॉन डॉब्सन यांच्यावरून. सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर ते येणाऱ्याजाणाऱ्यांना आकाश दाखवत. प्लायवूडच्या खोक्यावर फिरणारी नळी, मोटर नाही, कसले गिअर नाहीत, त्यामुळे तुमचा पैसा स्टँडवर न जाता आरशावर जातो.

स्टँड: टिचकी मारून बघा

दुर्बीण उभी करा, आयपीसमधून लांबचा मोबाइल टॉवर धरा आणि नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. चित्र थरथरेल. मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ मोजा. दोनपर्यंत स्थिर झालं तर चांगलं. चारपर्यंत हलत राहिलं, तर फोकस करताना प्रत्येक वेळी बोट लागलं की तेवढंच थांबावं लागेल आणि तेवढ्यात ग्रह चित्रातून सरकून जाईल.

हलका ॲल्युमिनियमचा तिपाई असेल तर त्याचे पाय पूर्ण बाहेर काढू नका. खुर्चीवर बसून बघा. मधल्या ट्रेखाली दोन लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या पिशवीत घालून लटकवा, फरक लगेच कळतो. गच्चीच्या स्लॅबवर कुणी चाललं तरी थरथर येते, म्हणून पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवा. टेबलावरच्या डॉब्सोनियनला प्लास्टिकचं टेबल अजिबात चालत नाही. पाण्याच्या टाकीचा कट्टा किंवा जाड लाकडी स्टूल हवं.

माउंट म्हणजे नळी धरून फिरवणारा भाग. त्यातल्या इक्वेटोरियल, म्हणजे आकाशाच्या फिरण्याबरोबर फिरणाऱ्या माउंटबद्दल नाशिकपुरती वेगळी गोष्ट आहे. या माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि आपला अक्षांश २० अंश असल्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त २० अंशांवर असतो. शेजारची इमारत किंवा आंब्याचं झाड त्याला सहज झाकतं. शिवाय अक्ष इतका खाली झुकवला की छोट्या माउंटचा वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडू शकतो. पहिल्या दुर्बिणीला वर-खाली आणि डावी-उजवी फिरणारा साधा माउंट किंवा डॉब्सोनियनच घ्या. १३० मिमीची नळी सर्वांत लहान इक्वेटोरियल माउंटवर बसवून विकतात, ती जोडी तर टाळाच.

आयपीस आणि फाइंडर

आयपीसच्या नळीचा व्यास सव्वा इंच, म्हणजे ३१.७ मिमी असायला हवा. जुन्या पद्धतीचे ०.९६५ इंचाचे असतील तर पुढे चांगले आयपीस बसणार नाहीत. आयपीसवर एच किंवा एसआर अक्षरं असतील, तर त्यांच्याकडून फार अपेक्षा नको. एसआर ४ तर बाजूलाच ठेवा. केल्नर किंवा प्लॉसल चांगले. सुरुवातीला २५ आणि १० मिमी पुरतात. तिसरा घ्यायचाच तर दुप्पट करणारं चांगलं बार्लो घ्या, तिप्पटवालं नको.

फाइंडर म्हणजे वस्तू शोधायला नळीवर बसवलेलं छोटं साधन. तो लाल ठिपक्याचा असेल तर उत्तम. ५ × २४ चा प्लास्टिकचा छोटा फाइंडर अंधूक दाखवतो, पण रांगेत आणला तर काम भागतं.

मागवायची वेळ

जून ते सप्टेंबर नाशिकला आकाश जवळपास बंदच असतं. जुलैत ऑनलाइन मागवली तर परतीची मुदत ढगांतच संपते आणि ताऱ्यावर तपासणी राहून जाते. दसऱ्याच्या आसपास मागवा. तेव्हा हवा धुतलेली असते आणि सध्याची काही वर्षं शनीची प्रतियुतीही (पृथ्वी सूर्य आणि शनी यांच्या मधे येते ती वेळ) त्याच सुमारास येते. २०२६ मध्ये ती ४ ऑक्टोबरला आहे. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी आपल्याकडे अगदी कडेने वळली होती, आता ती वर्षागणिक उघडत जाणार आहेत.

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. भिंगावर तिरका टॉर्च मारून ओरखडे आणि जाळीसारखी बुरशी बघा. जुनी दुर्बीण घेत असाल तर हे आधी. थोडी धूळ चालते. फोकसर पूर्ण बाहेर काढून हलवा: लटलट करत असेल तर आतले स्क्रू थोडे आवळून बघा, तरीही राहिलं तर परत पाठवा.

पहिला दिवस आणि पहिली रात्र

१. फाइंडर दिवसाच जुळवा. सूर्य पाठीशी ठेवून किमान एक किलोमीटर लांबची न हलणारी खूण धरा: पांडवलेण्याच्या डोंगरमाथ्यावरचं एकटं झाड, पाण्याची उंच टाकी. २५ मिमीच्या आयपीसमध्ये ती मध्यभागी आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तीच खूण फाइंडरच्याही मध्यावर आणा. नंतर १० मिमी लावून पुन्हा पक्कं करा.

२. रात्री बघण्याआधी अर्धा तास दुर्बीण बाहेर ठेवा. घरातली ऊब नळीत असेपर्यंत चित्र तरंगत राहतं. एप्रिल-मे मध्ये तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो, तेव्हा दहानंतर बसा किंवा खाली मातीच्या अंगणात उतरा.

३. सुरुवात नेहमी मोठ्या मिमीच्या आयपीसने करा. त्यात सर्वांत कमी पट मिळते, आकाशाचा तुकडा मोठा दिसतो. वस्तू मध्यावर आली, फोकस झाली, की मगच १० मिमी.

४. पहिली वस्तू चंद्र, शुक्ल पंचमी ते दशमीच्या दरम्यान. उजेड आणि अंधाराच्या सीमारेषेवर विवरांच्या कडांची लांब सावली पडते आणि चंद्र खरोखर गोल, खडबडीत वाटतो. कोजागरीला दूध आटवताना दुर्बीण लावायचा बेत बऱ्याच घरांत होतो, पण पौर्णिमेला ऊन समोरून पडत असल्यामुळे सावल्याच नसतात. कोजागरीच्या आठवडाभर आधी बघा.

५. मग गुरू किंवा शनी, जो वर असेल तो. गुरूच्या चंद्रांची जागा कागदावर मांडून दुसऱ्या रात्री पुन्हा बघा. ते हललेले दिसतात. हिवाळ्यात मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ आणि कृत्तिका, उन्हाळ्यात सप्तर्षींतले वसिष्ठ-अरुंधती. त्यातला वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा आहे, हे ७० मिमीतही कळतं.

काहीच दिसत नसेल तर बहुतेक वेळा पुढच्यापैकी एक चूक झालेली असते. आरशाच्या दुर्बिणीचं मोठं झाकण तसंच ठेवून त्यातलं छोटं टोपणच काढलेलं असतं. बार्लो आधीपासूनच लावलेलं असतं. भिंगाच्या दुर्बिणीत प्रकाश काटकोनात वळवणारा जोड (डायगोनल) न लावता थेट आयपीस घातलेला असतो, त्यामुळे फोकसच येत नाही. किंवा खिडकीच्या काचेतून बघणं चाललेलं असतं. चित्र उलटं दिसणं हा मात्र दोष नाही, आकाशात वर-खाली असं काही नसतं.

आरसे जुळवणं

याला कॉलिमेशन म्हणतात. भिंगाच्या दुर्बिणीला सहसा लागत नाही. आरशाची दुर्बीण खडबडीत रस्त्याने नेली की पुन्हा तपासावी. नळी आडवी ठेवून काम करा, म्हणजे पाना हातातून सुटला तरी आरशावर पडणार नाही.

फोकसरच्या टोपणाला बरोबर मध्यावर दोन मिमीचं भोक पाडा आणि त्यातून बघा. समोर छोट्या आरशात मोठ्या आरशाचं प्रतिबिंब दिसेल. मोठ्या आरशाला धरणाऱ्या तिन्ही क्लिपा सारख्या दिसेपर्यंत छोट्या आरशाचे तीन बारीक स्क्रू हलक्या हाताने फिरवा. एक सैल केला की दुसरा आवळायचा. मग नळीच्या मागचे लॉकस्क्रू सैल करून मोठ्या आरशाचे तीन स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवा, आणि छोट्या आरशाची काळी सावली मध्यावर आणा. नाभीय अंतर भागिले व्यास ५ येणाऱ्या दुर्बिणीत ही सावली थोडी सरकलेली दिसते, ते बरोबर असतं.

शेवटची खात्री ध्रुवताऱ्यावर करा, कारण तो चित्रातून सरकत नाही. फोकस थोडा बिघडवा. ताऱ्याची वर्तुळं एकाच केंद्राभोवती दिसली की काम झालं. एका बाजूला दाटली असतील तर मोठ्या आरशाचा एकेक स्क्रू थोडासा फिरवून बघा, आणि प्रत्येक वेळी तारा पुन्हा मध्यावर आणा.

अंधार कुठे शोधायचा

नुसतं ‘गावाबाहेर’ म्हणून भागत नाही. शहराचा उजेड कोणत्या दिशेला पडणार हे ठरवून निघा. दिंडोरीकडे गेलात तर नाशिकचा उजेड दक्षिणेला येतो, आणि उन्हाळ्यातली वृश्चिक, धनु ही सगळी संपत्ती दक्षिणेलाच असते. त्यासाठी अंजनेरी, त्र्यंबकेश्वरच्या पुढे हरसूलची बाजू किंवा घोटीवरून वैतरणेकडचा भाग बरा. अंजनेरीहून उजेड पूर्वेला राहतो, म्हणून उगवत्या वस्तूंची घाई न करता त्या वर येऊ द्याव्यात.

एप्रिल-मे मध्ये दक्षिण मोकळी असेल तर नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ जरूर बघा. नाशिकहून तो जास्तीत जास्त २३ अंश वर येतो. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांच्या क्षितिजावर तो येतच नाही. १३० मिमीत, २६ पटीला, साखर सांडल्यासारखा दिसतो.

रात्री एकट्याने जाऊ नका. निफाड, दिंडोरी, सिन्नर भागात बिबट्याचा वावर आहे; उसाच्या फडाला लागून बसू नये, जागेच्या मालकाला आणि पोलीस पाटलांना सांगून ठेवावं. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. पांढरा उजेड एकदा डोळ्यांवर पडला की अंधाराला सरावायला पुन्हा वीस-तीस मिनिटं जातात.

सूर्य

आयपीसमध्ये बसवायचा ‘सन’ लिहिलेला छोटा काळा फिल्टर खोक्यात आला असेल, तर तो फोडून टाका. सगळी एकवटलेली उष्णता त्याच्यावर येते, तो तडकू शकतो आणि डोळा कायमचा जातो. सूर्य बघायचा तर दुर्बिणीच्या तोंडावर पूर्ण बसणारा सौर फिल्टरच हवा, घट्ट बसवलेला, टाचणीएवढंही भोक नसलेला. फाइंडर काढून ठेवायचा. मूल जवळ असताना दुर्बीण उन्हात तशीच सोडायची नाही.

दव, धूळ आणि पावसाळा

डिसेंबर-जानेवारीत द्राक्षबागांजवळ किंवा गंगापूर धरणाच्या काठाला रात्री अकरा-बारापर्यंत भिंगावर दव धरतं. चित्र हळूहळू मंद होतं, ताऱ्यांभोवती वलय येतं, आणि बघणाऱ्याला वाटतं धुकं आलं. भिंगाच्या दुर्बिणीला काळ्या फोमच्या चटईची गुंडाळी पुढे बसवा, लांबी व्यासाच्या दीड-दोन पट. काठापासून थोडी उंच जागा निवडा. दव आलंच तर पुसायचं नाही. घरी आणून झाकण न लावता पंख्याखाली दुर्बीण पूर्ण वाळू द्या, मग झाका. ओली झाकलेली दुर्बीण हमखास बुरशी धरते.

धूळ रबरी फुग्याच्या हवेने उडवा. आरशाला कापड लावू नका, त्याचा मुलामा वरच्या बाजूला असतो आणि लगेच ओरखडतो.

पावसाळ्यात आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. नळीची दोन्ही टोकं झाकून तिच्या पिशवीतही सुमारे २०० ग्रॅमच्या पुड्या टाका. रंग बदलणारं जेल घेतलं तर ते कधी भिजलं हे कळतं. नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं. भिजलेलं जेल वेगळ्या जुन्या तव्यावर मंद आचेवर मूळ रंग येईपर्यंत गरम करून पुन्हा वापरता येतं. स्वयंपाकाची भांडी त्यासाठी घेऊ नका. आठवड्यातून एकदा उघडीप मिळाली की दुर्बीण बाहेर काढून तासभर हवेत ठेवा, थेट उन्हात नाही.